गाडीचा थर्मोस्टॅट: तो नक्की करतो काय, बिघडला कसा ओळखायचा आणि बदलायचा कसा

गाडी हीट मारायला लागली की कोणीतरी हमखास सांगतं, "थर्मोस्टॅट काढून टाक, गाडी एकदम गार चालेल." हा सल्ला ऐकू नका. अगदी अनुभवी माणसाने दिला तरी नका ऐकू. का ते नीट समजावं म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. पहिल्यांदाच स्वतःची गाडी घेतलेल्यांसाठी, घरच्या घरी थोडंफार काम करून बघायची हौस असलेल्यांसाठी, आणि मेकॅनिक बोनेट उघडून जे बोलतो ते आपल्याला कळावं असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी पण.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. थर्मोस्टॅट इंजिन गार करत नाही. इंजिन लवकर गरम व्हावं आणि एकदा गरम झालं की ठराविक तापमानाच्या खाली जाऊ नये, हे त्याचं काम. वरची मर्यादा सांभाळायचं काम रेडिएटर, फॅन, वॉटर पंप आणि कूलंट यांचं. थर्मोस्टॅटने फक्त वेळेवर उघडून त्यांना वाट करून द्यायची असते.

आधी पाण्याचा रस्ता समजून घ्या

इंजिनात इंधन जळतं तेव्हा जी उष्णता निघते त्यातली ढोबळमानाने एक तृतीयांशच गाडी ओढायच्या कामी येते, साधारण तेवढीच सायलेन्सरवाटे धुरासोबत निघून जाते आणि उरलेली इंजिनच्या धातूतून बाहेर काढावी लागते, ती काढतो कूलंट (आपण बोलताना सरसकट पाणीच म्हणतो). वॉटर पंप हा कूलंट ब्लॉकमधून (सिलिंडर असलेला इंजिनचा मुख्य भाग), मग हेडमधून (ब्लॉकवर बसणारा वरचा भाग) फिरवतो. हेड सगळ्यात जास्त तापतं, कारण जळण तिथेच होतं. हेडमधून बाहेर पडल्यावर कूलंटसमोर दोन रस्ते असतात. एक लांबचा, रेडिएटरमधून गार होऊन परत इंजिनात. दुसरा जवळचा, ज्याला बायपास म्हणतात, त्यातून कूलंट गार न होता तसाच पंपाकडे परत येतो. कुठल्या रस्त्याने किती पाणी जाणार ते थर्मोस्टॅट ठरवतो.

सकाळी गाडी चालू केली की थर्मोस्टॅट बंद असतो. पाणी इंजिनातल्या इंजिनातच फिरतं, बहुतेक गाड्यांत केबिनच्या हीटरमधूनही फिरतं, पण रेडिएटरकडे जात नाही. थोडंच पाणी असल्यामुळे ते पटापट तापतं. तापमान ठरलेल्या आकड्यापाशी आलं की थर्मोस्टॅट उघडायला लागतो आणि रेडिएटरमधलं गार पाणी हळूहळू मिसळायला लागतं.

यात बरेच जण एक चूक करतात, त्यांना वाटतं थर्मोस्टॅट एकतर बंद असतो नाहीतर उघडा, बटणासारखा. तसं नसतं. ८२ अंशाचा थर्मोस्टॅट असेल तर ८२ च्या आसपास तो उघडायला सुरुवात करतो आणि पूर्ण उघडायला साधारण ९५ पर्यंत जावं लागतं. गाडी चालताना बराच वेळ तो अर्धवट उघडाच असतो, चढ आला की जास्त उघडतो, उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की मिटतो, आणि हे कुठल्याही वायरीशिवाय, कुठल्याही कॉम्प्युटरशिवाय सतत चालू असतं. मला या एवढ्याशा वस्तूचं खरंच कौतुक वाटतं.

आत आहे काय?

नवीन थर्मोस्टॅट तळहातावर घेऊन बघा. बाहेर एक गोल चकती, तिच्या मधे झाकणासारखी थाळी, थाळीला दाबून धरणारी स्प्रिंग, आणि स्प्रिंगच्या मधोमध पितळेची किंवा तांब्याची छोटी जाडसर कुपी. जादू सगळी त्या कुपीत. तिच्यात खास प्रकारचं मेण भरलेलं असतं, तांब्याची पूड वगैरे मिसळलेलं, म्हणजे उष्णता पटकन आतपर्यंत पोचावी. मेण वितळलं की फुगतं, फुगलं की रबरातून एका बारीक दांडीला ढकलतं, आणि दांडीचं दुसरं टोक फ्रेमला टेकलेलं असल्यामुळे कुपी आणि थाळी मागे सरकून तोंड उघडतं. पाणी गार झालं की मेण आकसतं आणि स्प्रिंग थाळीला परत जागेवर आणते. ही मेणाची पद्धत १९३० च्या दशकात सर्जियस व्हर्नेट यांनी आणली, त्याआधी पटकन उकळणारा द्रव भरलेले भाता-टाइप थर्मोस्टॅट वापरायचे. आजही बहुसंख्य गाड्यांत मेणाचाच असतो.

आता चकतीच्या कडेला बघा. अनेक थर्मोस्टॅटमध्ये तिथे एक बारीक भोक असतं आणि त्यात सैलसर हलणारी पिन. ही खराब झालेली नाही, ती मुद्दाम तशी ठेवलेली असते, हलवली की खुळखुळते. पाणी भरताना अडकलेली हवा त्या भोकातून वर निघून जाते. बसवताना ही पिन सगळ्यात वरच्या बाजूला आली पाहिजे, म्हणजे घड्याळात बारा वाजतात तिथे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि कुपीवर किंवा चकतीवर एक आकडा कोरलेला असतो, ८२, ८८ असा काहीतरी. तो उघडायला सुरुवात होण्याचा आकडा.

गार इंजिन चांगलं, असं वाटतं तिथेच घोळ होतो

नवीन माणसाला वाटतं की इंजिन जितकं गार तितकं बरं. इंजिन मात्र बनवताना साधारण ९० ते १०५ अंशांच्या कूलंटसाठी बनवलेलं असतं. पिस्टन आणि सिलिंडरमधली फट, रिंगांची बसवणूक, तेलाचा पातळपणा, सगळं त्या तापमानाला बरोबर येतं. गार असताना तेल दाट असतं, इंजिनाला फिरायलाच जास्त जोर लागतो. पेट्रोल नीट वाफ होत नाही म्हणून ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जास्त पेट्रोल सोडतो, त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली तेलात उतरतं. जळताना तयार झालेली पाण्याची वाफ पण तेलात जाऊन थंड होते आणि इंजिन कधीच पूर्ण तापलं नाही तर ती उडून जात नाही, तेलाचा चिखल व्हायला लागतो. ॲव्हरेज पडतं, धूर वाढतो, झीज वाढते. हे सगळं हळूहळू होतं म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही, डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा खाली दिसतो आणि मालक खूश असतो की आपली गाडी कशी गार चालते.

मग काढून टाकला तर नक्की काय होतं

दोन गोष्टी होतात आणि दुसरी गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते.

पहिली वर सांगितली तीच, इंजिन योग्य तापमानाला येतच नाही किंवा फार उशिरा येतं.

दुसरी अशी की बऱ्याच थर्मोस्टॅटना दोन थाळ्या असतात. पुढची थाळी रेडिएटरचा रस्ता उघडते आणि त्याच हालचालीत मागची थाळी बायपासचा रस्ता बंद करते. गाडी पूर्ण तापली की सगळं पाणी रेडिएटरमधून गेलं पाहिजे, म्हणून ही व्यवस्था. आता थर्मोस्टॅट उपसून काढला तर बायपास बंद करणारं कोणी उरलंच नाही. पाण्याला जिथे कमी अडथळा तिकडे ते जातं, आणि बायपास छोटा नि मोकळा असतो, त्यामुळे बरंचसं गरम पाणी गार न होताच परत इंजिनात. म्हणजे सपाट रस्त्यावर रिकामी गाडी चालवताना काटा खाली, आणि पूर्ण भरलेली गाडी घेऊन चढाला लागलात की गाडी हीट. गार करायला म्हणून केलेल्या उपायानेच गाडी उकळते.

अजून एक ऐकायला मिळतं, की थर्मोस्टॅट नसला तर पाणी रेडिएटरमधून इतकं जोरात जातं की त्याला गार व्हायला वेळच मिळत नाही. हे कारण चुकीचं आहे. पाणी जोरात फिरलं की रेडिएटर उलट जास्तच उष्णता बाहेर टाकतो. गाडी तापते त्याचं खरं कारण बायपास.

कमी आकड्याचा थर्मोस्टॅट टाकायचा का, हा पण नेहमीचा प्रश्न. समजा ८२ च्या जागी ७१ चा टाकला. गाडी ट्रॅफिकमध्ये १०८ ला जात असेल तर १०८ ला ८२ वाला पण पूर्ण उघडा असतो आणि ७१ वाला पण पूर्ण उघडा. फरक काय पडला? काहीच नाही, फार तर गरम व्हायला दोन-चार मिनिटं जास्त लागतील. रेडिएटर चोंदलेला असेल किंवा फॅन फिरत नसेल तर तोच दुरुस्त करायला लागतो. कंपनीने जो आकडा दिलाय तोच टाका.

बिघडला की तो तीन तऱ्हेने बिघडतो

उघडाच अडकला: गाडी गरम व्हायला खूप वेळ लागतो, हायवेला काटा खाली उतरतो आणि सिग्नलला वर येतो, हीटर कोमट हवा देतो, ॲव्हरेज पडतं. नवीन गाड्यांत चेक इंजिनचा दिवा लागतो आणि स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून त्यातली माहिती दाखवणारं यंत्र) पी०१२८ हा कोड येतो, त्याचा अर्थ कूलंट अपेक्षित तापमानाला वेळेत पोचत नाहीये. यात गाडी बंद पडत नाही म्हणून लोक महिनोन् महिने तशीच चालवतात. चालवू नका.

बंदच अडकला: हा धोकादायक. गाडी चालू केल्यापासून थोड्याच वेळात काटा लालमध्ये, आणि गंमत म्हणजे रेडिएटर हाताला गार. अशा अवस्थेत चालवत राहिलात तर ॲल्युमिनियमचं हेड वाकतं, हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) जातं, आणि एका छोट्या पार्टवरून काम इंजिन खोलण्यावर जातं.

सुस्त झाला किंवा अर्धवट उघडतो: ओळखायला सगळ्यात त्रासदायक हाच. गावात काही नाही, पण लांबच्या रस्त्याला वेग धरला, एसी लावला, चढ लागला की काटा चढतो. किंवा काटा एकदम वर जातो, मग अचानक थर्मोस्टॅट उघडतो आणि काटा पटकन खाली, परत तेच.

काट्याबद्दल एक सावधगिरी. अनेक गाड्यांत तो मुद्दाम असा बनवलेला असतो की खरं तापमान बऱ्यापैकी वर-खाली झालं तरी तो मधेच शांत उभा राहतो आणि प्रकरण हाताबाहेर जायला लागलं की मगच हलतो. काही गाड्यांत तर काटाच नसतो, गार असताना निळा दिवा आणि तापली की लाल दिवा एवढंच. म्हणून एक साधा ओबीडी स्कॅनर आणि फोनवर ॲप ठेवा असं मी प्रत्येकाला सांगतो, त्यात कूलंटचं तापमान सरळ अंशांमध्ये दिसतं. थर्मोस्टॅट तपासायला याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

तपासायचं कसं, पायरी पायरीने

१. गाडी रात्रभर उभी असलेली, पूर्ण गार असली पाहिजे. बोनेट उघडा, कूलंटच्या टाकीवर मिन आणि मॅक्सच्या खुणा असतात त्यांच्यामध्ये लेव्हल आहे का बघा. कमी असेल तर आधी ते शोधा की पाणी जातंय कुठे. पाणीच कमी असताना थर्मोस्टॅटला दोष देण्यात अर्थ नाही, थर्मोस्टॅटच्या कुपीला गरम पाणी लागलंच नाही तर चांगला थर्मोस्टॅट पण उघडणार नाही.

२. स्कॅनर जोडा, एसी बंद, हीटर बंद, गाडी चालू करा. आता रेडिएटरला येणारे दोन जाड होज पाईप शोधा, एक वरून जोडलेला, एक खालून. फॅनपासून हात, सैल कपडे, ओढणी, मफलर सगळं लांब ठेवा. इलेक्ट्रिक फॅन कधीही आपोआप चालू होतो, काही गाड्यांत तर इंजिन बंद केल्यावर पण.

३. तापमान चढत जाईल तसा वरचा पाईप मधूनमधून हाताने चाचपा, नुसतं टेकवायचं, धरून ठेवायचं नाही. थर्मोस्टॅट इंजिनातून पाणी बाहेर पडतं त्या बाजूला असेल तर बराच वेळ वरचा पाईप गारच राहतो, आणि ८२-८८ च्या आसपास तो एकदम गरम होतो. तो क्षण अगदी स्पष्ट कळतो, आत्ता गार होता आणि अर्ध्या मिनिटात हात ठेववत नाही. त्याच वेळी स्कॅनरवर आकडा चढायचा थांबतो किंवा दोन-तीन अंश खाली येतो. असं झालं की समजायचं थर्मोस्टॅट उघडतोय.

४. काही गाड्यांत थर्मोस्टॅट पंपाकडे पाणी परत येतं त्या बाजूला असतो. तिथे वरचा पाईप हळूहळू तापत जातो आणि खालचा पाईप थर्मोस्टॅट उघडेपर्यंत गार राहतो. तुमच्या गाडीत कुठे आहे हे मॅन्युअलमध्ये बघून घ्या, नाहीतर उगाच चुकीचा निष्कर्ष काढाल.

५. आकडा १०० च्या पुढे चाललाय आणि जो पाईप गरम व्हायला हवा तो अजून गारच आहे, तर थर्मोस्टॅट बंद अडकलाय किंवा हवा अडकलीये किंवा पंप पाणी ढकलत नाहीये. इंजिन बंद करा. उलट, आकडा ५०-६० वर असतानाच पाईप कोमट व्हायला लागला तर तो उघडा अडकलाय.

६. मग थोडी चालवून बघा, मोकळ्या रस्त्यावर एकाच वेगात. चांगला थर्मोस्टॅट असेल तर आकडा एका छोट्या टप्प्यात खेळत राहतो. ७० च्या खाली उतरत असेल तर नवीन घ्यायची वेळ आली.

थर्मोस्टॅट नीट उघडतोय तरी गाडी तापतेय? मग लक्षण बघा. ट्रॅफिकमध्ये तापते आणि चालायला लागली की उतरते, तर फॅन, त्याचा फ्यूज, रिले. वेगात आणि चढाला तापते पण उभी असताना ठीक, तर रेडिएटर आतून चोंदलेला किंवा बाहेरून पंखांमध्ये धूळ-किडे भरलेले. पाणी सारखं कमी होतंय, बाहेर गळती दिसत नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय किंवा तेल दुधाळ झालंय, तर हेड गॅस्केट, आणि त्यात थर्मोस्टॅट बदलून काही होणार नाही. रेडिएटरचं झाकण पण तपासा. ते झाकण आत दाब धरून ठेवतं, निम्मं पाणी निम्मं कूलंट असं मिश्रण उघड्यावर साधारण १०६-१०८ अंशाला उकळतं, पण एक बारच्या (म्हणजे साधारण बाहेरच्या हवेएवढा जास्तीचा दाब धरणाऱ्या) झाकणाखाली सव्वाशेच्या वर जातं. झाकणाचं रबर गेलं की हा सगळा फायदा गेला.

रस्त्यातच गाडी तापली तर

एसी लगेच बंद, केबिनचा हीटर फुल गरमवर आणि ब्लोअर फुल स्पीडवर, खिडक्या उघडा. घामाघूम व्हाल, पण हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच असतो आणि तेवढी उष्णता इंजिनातून निघते. सुरक्षित जागा दिसली की बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. काटा लालमध्ये असताना "अजून थोडंच राहिलंय" म्हणून पुढे जाऊ नका.

झाकण उघडायचं नाही. हे मी कितीही वेळा लिहिलं तरी कमीच आहे. आतलं पाणी दाबाखाली शंभराच्या वर असतं, झाकण सैल केलं की दाब गेला, आणि ते पाणी त्याच क्षणी वाफ होऊन तोंडावर, हातावर उडतं. चेहरा भाजलेली माणसं असतात यात. निदान अर्धा-पाऊण तास थांबा, वरचा पाईप दाबून बघा, मऊ आणि कोमट लागला तरच जाड कापड टाकून झाकण हळूहळू पहिल्या खाचेपर्यंत फिरवा, फुस्स आवाज थांबू द्या, मग पूर्ण उघडा. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी पण ओतायचं नाही, धातूला तडा जाऊ शकतो.

बाहेर काढलेला थर्मोस्टॅट भांड्यात तपासणे

जुन्या भांड्यात पाणी घ्या (ते भांडं परत स्वयंपाकाला वापरायचं नाही, कूलंट विषारी असतो). थर्मोस्टॅटची थाळी जराशी उघडून त्यात दोऱ्याचं टोक अडकवा आणि दोऱ्याने तो पाण्यात लटकवत ठेवा, तळाला टेकू द्यायचा नाही कारण तळ पाण्यापेक्षा जास्त गरम असतो. सोबत थर्मामीटर, तो पण तळाला न टेकवता. मंद आचेवर तापवा आणि ढवळत राहा. थाळी उघडायला लागली की दोरा सुटतो आणि थर्मोस्टॅट खाली पडतो, त्या वेळचा आकडा लिहून घ्या. कोरलेल्या आकड्याच्या दोन-तीन अंश इकडेतिकडे असेल तर ठीक. मग तापवत राहा, ९५ च्या आसपास थाळी आठ-दहा मिलिमीटर तरी मागे सरकलेली दिसली पाहिजे. नंतर बाहेर काढून गार होऊ द्या आणि पूर्ण मिटतो का ते उजेडासमोर धरून बघा. उघडणं सगळे बघतात, मिटणं बघायचं विसरतात.

ज्यात विजेची वायर जोडलेली असते असे कॉम्प्युटरवाले थर्मोस्टॅट असे तपासता येत नाहीत. त्यांचं मेण १०० च्या वर, काहींचं १०५ वगैरेला वितळतं आणि उघड्या भांड्यातलं पाणी तिथपर्यंत जातच नाही. त्यांच्या कुपीत छोटा हीटर असतो, इंजिनावर लोड आला की ईसीयू त्या हीटरला करंट देऊन थर्मोस्टॅट लवकर उघडतो, आणि आरामात चालताना ॲव्हरेजसाठी इंजिन जरा जास्त गरम ठेवतो. म्हणून अशा गाडीत स्कॅनरवर १०५ दिसलं तर घाबरू नका, आधी मॅन्युअल बघा.

बदलायचा कसा

लागणाऱ्या वस्तू: त्याच गाडीचा, त्याच आकड्याचा थर्मोस्टॅट, नवीन ओ रिंग किंवा पॅकिंग, मॅन्युअलमध्ये लिहिलाय तो कूलंट, डिस्टिल्ड वॉटर, पान्हे, क्लिपसाठी पक्कड, पाणी झेलायला पसरट टब. बऱ्याच गाड्यांत हाऊसिंग (थर्मोस्टॅट ज्याच्या आत बसतो ते कवच) प्लॅस्टिकचं असतं, ते उन्हाळ-पावसाळे बघून ठिसूळ होतं, तडे असतील तर हाऊसिंग पण नवीनच घ्या. काही गाड्यांत तर थर्मोस्टॅट हाऊसिंगसकटच मिळतो.

गाडी सपाट जागी आणि पूर्ण गार. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा म्हणजे फॅन अचानक फिरणार नाही. टाकीचं झाकण उघडा, रेडिएटरच्या खालच्या नळीतून किंवा ड्रेन बोल्टमधून कूलंट टबमध्ये काढा, थर्मोस्टॅटच्या पातळीखाली गेला तरी पुरे. सांडलेला कूलंट लगेच पुसा, तो चवीला गोड असतो, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात, लहान मुलांना पण तितकाच धोका. जमिनीत किंवा गटारात ओतायचा नाही, बाटलीत भरून जिथे जुनं तेल घेतात तिथे द्या.

आता वरच्या जाड पाईपचा माग काढत इंजिनकडे जा (किंवा खालच्या, तुमच्या गाडीत जसं असेल तसं), जिथे तो पाईप इंजिनाला मिळतो तिथे दोन-तीन बोल्टचं हाऊसिंग असतं. क्लिप मागे सरकवा, पाईप चिकटला असेल तर ओढू नका, आधी गोल फिरवून सुटा करा. बोल्ट काढा. हाऊसिंग उघडलं की जुना थर्मोस्टॅट कसा बसलाय, स्प्रिंग कुठल्या बाजूला, पिन कुठे, याचा फोटो काढून ठेवा. मग बाहेर काढा.

दोन्ही पृष्ठभाग साफ करा, जुन्या पॅकिंगचा एक कणही राहता कामा नये, पण ॲल्युमिनियमवर स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका, ओरखडा पडला की तिथून गळणार. प्लॅस्टिकची खरवडणी किंवा नखाने काढा. वेळ लागू द्या, हे काम घाईत केलं की परत करावं लागतं.

नवीन बसवताना मेणाची कुपी आणि स्प्रिंग इंजिनच्या बाजूला, म्हणजे गरम पाणी तिला लागेल अशी. उलटा बसवला तर कुपीला गरम पाणी मिळत नाही, तो उघडत नाही आणि गाडी पहिल्याच फेरीत तापते. पिन वर, बाराच्या जागी. चकती खाचेत नीट बसली का बोटाने फिरवून बघा, मगच हाऊसिंग लावा. बोल्ट आधी हाताने, मग आलटून पालटून थोडे थोडे आवळा. हे बोल्ट छोटे असतात आणि त्यांचे आटे ॲल्युमिनियममध्ये असतात, ताकद लावली की आटे जातात किंवा हाऊसिंग तडकतं. मॅन्युअलमध्ये टॉर्क (बोल्ट किती जोराने आवळायचा तो आकडा) दिलेला असेल तर टॉर्क पान्ह्याने तेवढाच. ओ रिंग असेल तर शिलंट (सांधा बंद करायची पेस्ट) लावायची गरज नाही, जास्तीचं शिलंट सुटून पाण्यात फिरतं आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत अडकतं.

हवा काढणे, इथेच बहुतेकांचं काम बिघडतं

कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर मॅन्युअलमध्ये दिलेल्या प्रमाणात मिसळा, बहुतेक वेळा निम्मं-निम्मं. तयार मिसळलेला कूलंट मिळतो, त्यात परत पाणी घालायचं नाही. रंग बघून कूलंट निवडू नका, रंग कंपनीगणिक बदलतो, लाल म्हणजे अमुकच असं काही नाही, आणि वेगवेगळे प्रकार मिसळले तर आतलं गंजरोधक कमकुवत होतं.

सावकाश ओता, भसाभस ओतलं की हवा अडकते. पुढची बाजू थोडी उंच करता आली तर बरं. हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करून बुडबुडे थांबून सलग धार येईपर्यंत भरा. मग बॅटरी जोडा, टाकीचं झाकण उघडं ठेवून गाडी चालू करा, हीटर फुल गरमवर. लेव्हल खाली जाईल, भरत राहा, वरचा पाईप मधूनमधून दाबा, बुडबुडे वर येतील. थर्मोस्टॅट उघडायच्या थोडं आधी झाकण लावून टाका, कारण त्यानंतर पाणी उसळून बाहेर येऊ शकतं. फॅन दोनदा चालू होऊन बंद होईपर्यंत तसंच चालू द्या आणि हीटरची हवा बघत राहा. फॅन लागला तरी हीटर गार हवा देत असेल किंवा डॅशबोर्डच्या मागून खळखळ ऐकू येत असेल तर हवा अजून आत आहे, इंजिन पूर्ण गार करून परत भरा. अडकलेली हवा थर्मोस्टॅटच्या कुपीपाशी बसली तर अगदी नवा थर्मोस्टॅट पण उघडत नाही, आणि लोक "नवीन पार्टच खराब निघाला" म्हणून दुकानात भांडायला जातात.

त्यानंतर जवळच एक फेरी मारून या, स्कॅनर चालू ठेवून. परत आल्यावर हाऊसिंगच्या खाली कोरडा कागद ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी कागदावर थेंब आहे का आणि टाकीतली लेव्हल उतरलीये का ते बघा. थोडी उतरलेली असतेच, शेवटची हवा निघून गेलेली असते, तेवढा कूलंट घालून मॅक्सच्या खुणेपर्यंत करा. पुढचा आठवडाभर रोज गार इंजिनवर लेव्हल बघत राहा, ती जागेवर थांबली की काम झालं. तारीख आणि किलोमीटर डायरीत लिहून ठेवा, आणि पुढच्या वेळी वॉटर पंप किंवा टायमिंग बेल्टसाठी सगळं पाणी काढायची वेळ येईल तेव्हा थर्मोस्टॅट पण त्याच कामात बदलून घ्या.